कात्री, कणीक आणि चिकट बोटं : लहान मुलांच्या हस्तकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये बालवाडी भरली की पहिल्या पंधरवड्यातच पालकांचे निरोप सुरू होतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत तेच प्रश्न पुन्हा येतात. एकेकाला वेगळं उत्तर टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवले आहेत. वय साधारण दीड ते सहा वर्षं धरलं आहे. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहिणं टाळलं आहे, त्यामुळे मधेमधे 'अमुक प्रश्न पाहा' असं येईल.

१. कागद फाडणं, पीठ मळणं यातून मूल खरंच काही शिकतं का? की नुसता टाइमपास?

शर्टाचं बटण लावताना एकदा स्वतःच्या हातांकडे बघा. एक हात कापड ताणून धरतो, दुसऱ्याची चिमूट बटण ढकलते, आणि डोळे काजावर असतात. दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं करायची आणि डोळ्यांनी त्यांवर लक्ष ठेवायचं, हे मुलाला उपजत येत नाही. कागद फाडताना, मणी ओवताना, कात्री चालवताना नेमका हाच सराव होतो. मुलाचा ताबा आधी खांद्यावर येतो, मग कोपर, मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटं. म्हणून दोन वर्षांचं मूल अख्खा हात फिरवून गिरगोट्या काढतं. तो त्याचा आडदांडपणा नसतो.

शिवाय शब्द मिळतात. खरबरीत, बुळबुळीत, चुरगळलेला, दुमडलेला, पातळ, घट्ट हे शब्द पुस्तकातून सांगून कळत नाहीत, हाताला लागल्यावर कळतात.

आणि हे काही नवं फॅड नाही. फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञांनी १८३७ साली जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी संस्था काढली, १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. कागदाच्या घड्या, पट्ट्यांचं विणकाम, मातीकाम हे तिथलं रोजचं काम होतं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? त्यांनी बिया, शंखशिंपले, पानं, खडे वापरले. आज आपण ऑनलाइन मागवतो त्या 'शैक्षणिक किट'मधलं बरंचसं तेव्हा अंगणात पडलेलं होतं.

२. कोणत्या वयाला काय जमतं?

ढोबळ अंदाज सांगते. वर्षाच्या आसपास अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमते, म्हणूनच त्या वयात जमिनीवरचा केसही उचलून तोंडात जातो. दीड-दोनला फाडणं, चुरगळणं, पीठ थापटणं, गिरगोट्या. अडीच-तीनला मोठे मणी, कात्रीने कागदाची कड कचकच कातरणं, आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास बंद होणारा गोल. चारच्या सुमाराला अधिकच्या चिन्हासारखी फुली (+) आणि सरळ रेषेवरून कापणं, त्यानंतर चौकोन. पाच-साडेपाचला त्रिकोण काढणं आणि गोल कापणं.

यात चार-सहा महिने मागेपुढे सहज होतं. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर पहिली दोन वर्षं वय मोजताना तेवढे आठवडे वजा करा. खरोखर काळजी केव्हा करायची ते प्रश्न २१ मध्ये आहे.

३. काय काय सामान विकत आणू?

बोथट टोकाची कात्री आणि मेणाचे जाड खडू. बास. बाकी सगळं घरात आहे: जुनी वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, औषधांच्या खोक्यांचा पुठ्ठा, बाटल्यांची झाकणं, शिंप्याकडच्या चिंध्या, आणि कणीक.

खडू तुटले म्हणून फेकू नका. दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो चिमटीतच धरावा लागतो. पेन्सिलीची पकड बसवायला यापेक्षा स्वस्त साधन मला माहीत नाही.

चमकी आणि थर्माकोल नको. चमकी डोळ्यात जाते आणि पुढचा महिनाभर वरणातही सापडते. थर्माकोलचे दाणे नाकातोंडात जातात.

मूल सहा-सातचं झालं की अरविंद गुप्ता यांची टाकाऊतली खेळणी करून बघा. पुण्यात आयुका या खगोलसंशोधन संस्थेच्या मुक्तांगण केंद्रात त्यांनी अनेक वर्षं हे काम केलं. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून ते त्रिकोण, चौकोन, घर उभं करतात. तीन वर्षांच्या मुलाला मात्र हे देऊ नका, ट्यूबचे तुकडे गिळण्याजोगे असतात.

४. दोन वर्षांचा मुलगा पेपर नुसता फाडत बसतो. त्याला थांबवू की तसंच राहू देऊ?

वाचून झालेला असेल तर राहू द्या. आणि जमलं तर शेजारी बसून एक गंमत दाखवा.

वर्तमानपत्राचं पान वरून खाली फाडा, मथळ्याकडून तळाकडे. सरळ, एकसारखी पट्टी निघते. आता तेच पान आडवं फाडा. कितीही जपून फाडलं तरी चीर वाकडीतिकडी पळते. कागद यंत्रावर तयार होताना त्यातले बहुतेक तंतू एका दिशेला झोपतात. तंतूंच्या दिशेने फाडलं की वाट मोकळी मिळते, आडवं फाडलं की तंतू तोडत जावं लागतं. चार वर्षांच्या मुलांना हे 'कारण' सांगायची गरज नसते. ती दोन्हीकडून फाडतात, थांबतात, पुन्हा फाडून बघतात. वर्गात एकदा हे दाखवलं तर पुढची वीस मिनिटं मला कोणी विचारलं नाही.

फाडण्याचेही प्रकार आहेत. दोन मुठींनी ओढून फाडणं सोपं. दोन्ही चिमट्या जवळजवळ धरून, एक पुढे आणि एक मागे नेत बोटभर तुकडा फाडणं अवघड, आणि खरं कौशल्य तिथे आहे. मुलाच्या चिमट्या लांब असतील तर शब्दाने सुधारू नका. कागदाच्या कडेला तुम्ही अर्धा सेंटिमीटरची चीर देऊन ठेवा, बोटं आपोआप तिच्या दोन बाजूंना येतात. तुकडे जमले की चिकटकाम (प्रश्न ६). गोळे चुरगळले की ते टोपलीत फेकायचा खेळ.

पाठ्यपुस्तकं आणि नोटा उंच ठेवा. 'हा फाडायचा कागद, हा नाही' हा फरक दोन वर्षांच्या मुलाला कळत नाही. त्यामुळे फाडायच्या कागदांची एक वेगळी टोपली असू द्या.

५. खेळायचं पीठ घरी कसं करायचं? शाडू चालेल का?

दोन वाट्या मैदा किंवा कणीक, एक वाटी बारीक मीठ, एक चमचा तेल, आणि पाऊण वाटीच्या आसपास पाणी. पाणी एकदम ओतू नका. पोळीच्या कणकेपेक्षा थोडं घट्ट मळा. रंगासाठी हळद, बिटाचा रस, वाटलेला पालक. घट्ट डब्यात, फ्रीजमध्ये आठवडाभर चालतं. आंबूस वास आला की टाकून द्या. मीठ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात गोळ्याला घाम फुटतो. मूठभर कोरडं पीठ मळून घ्यायचं.

हे पीठ खायचं नाही. एखादा कण गेला तर काही होत नाही, खारटपणामुळे मूल थुंकतंच. पण एवढं मीठ मूठभर पोटात जाणं लहान मुलाला घातक, आणि घरात कुत्रा असेल तर त्यालाही. ज्याचं सगळंच तोंडात जातं त्याला बिनमिठाची साधी कणीक द्या आणि संध्याकाळी टाकून द्या. आमच्या आया पोळ्या लाटताना शेवटचा गोळा हातात द्यायच्या आणि त्याची चानकी लाटून तव्यावर टाकायच्या, तोच प्रकार.

काय करायचं? आधी बडवणं आणि बोटं खुपसणं. मग दोन तळव्यांत गोल गोळी, मग पोळपाटावर लोळवून साप. सगळ्यात शेवटी चिमटे काढून मोदकाच्या कळ्या. मोदकाची कळी काढताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट जसं जुळतं, पेन्सिल धरताना तसंच जुळतं. गणपतीच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात लुडबुडणाऱ्या पोराला पिटाळण्याआधी हे आठवा.

शाडू उत्तम. गणपतीच्या आधी सगळीकडे मिळतो. मऊ असतो, पण कणकेपेक्षा जड, त्यामुळे बोटांना जास्त जोर लागतो. वाळला की धूळ उडते, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि झाडू न मारता जमीन पुसून घ्या. प्लास्टर ऑफ पॅरिस मुलांच्या हातात देऊ नका. पाणी घातल्यावर घट्ट होताना ते तापतं, आणि हात त्यात तसाच राहिला तर भाजू शकतो.

६. गोंद कोणता द्यावा?

लहान मुलांना घरची खळ. दोन मोठे चमचे मैदा थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, उरलेलं वाटीभर पाणी घाला, मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन चकचकीत झालं की उतरवा. दोन-तीन दिवस टिकते. जुन्या पद्धतीने खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मुलांच्या खळीत तो अजिबात घालायचा नाही, विषारी आहे. अगदीच घाई असेल तर भाताची चार शितं. पतंग चिकटतो तिथे चिठोरा चिकटणारच.

चार वर्षांपुढे बाजारातला पांढरा गोंद चालतो. तो बाटलीच्या झाकणात काढून द्या, बाटली देऊ नका. झटपट चिकटणारा गोंद घरात असेल तर कपाटात कुलपात.

एक युक्ती: 'गोंदाचं बोट' ठरवून टाका. मधलं बोट गोंदात, अंगठा आणि तर्जनी कागद उचलायला कोरडी. शेजारी ओलं फडकं. निम्मी रडारड यानेच कमी होते.

७. कात्री कधी द्यावी? भीती वाटते.

अडीच-तीनला, तुम्ही शेजारी बसलेल्या असताना. त्याआधी महिनाभर चिमट्याने लिंबं किंवा कापसाचे बोळे एका वाटीतून दुसरीत टाकू द्या. उघड-मीट ही हालचाल हाताला कळायला हवी.

पहिलं कापायचं ते कणकेच्या सापाला. मग कागद, पण पातळ नको. पातळ कागद पात्यांमध्ये दुमडतो आणि मूल वैतागतं, लग्नपत्रिकेचा जाडपणा बरोबर. बोटभर रुंद पट्ट्या कापून द्या. एका कचकीत एक तुकडा पडतो, आणि दर वेळी यश मिळतं. रेषेवरून कापणं खूप पुढची गोष्ट.

'अंगठा आकाशाकडे' एवढंच एक वाक्य सांगत राहा. बहुतेक मुलं मनगट वळवून अंगठा खाली नेतात आणि मग कोपर हवेत जातं. कात्री धरून चालायचं नाही, कात्री बसून वापरायची, हा नियम पहिल्या दिवसापासून. एकदा तरी स्वतःचे किंवा बहिणीचे केस कापले जातातच, तयारी ठेवा. डावखुऱ्यांसाठी प्रश्न १४.

८. मणी ओवताना दोरा भोकात जातच नाही, मुलगी चिडते. काय करू?

दोरा मऊ आहे. बुटाची नाडी द्या, तिचं टोक कडक असतं. नाडी नसेल तर सुतळीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा. दुसऱ्या टोकाला एक मणी बांधून ठेवा, नाहीतर ओवलेलं सगळं मागून सांडतं आणि मग चिडणं योग्यच आहे.

त्याहून लहान मुलांना नाडीही नको. कणकेच्या गोळ्यात एक जाड काडी उभी खोचा आणि तिच्यात बांगड्या किंवा पुठ्ठ्याच्या चकत्या घालू द्या. मग मोठे लाकडी मणी, मग मॅकरोनी. सुईने फुलं ओवणं पाचनंतर. झेंडूचं देठ जाड आणि सोपं, शेवंती जरा अवघड.

हाताला सवय झाली की नमुना आणा: लाल, लाल, पिवळा, लाल, लाल... 'पुढे काय?' गणिताची ही पहिली पायरी आहे, पण मुलीला ते सांगायची गरज नाही.

९. सगळं तोंडात घालतो, एकदा चणा नाकात घातला होता. अशा मुलाला हे खेळ द्यावेत का?

द्यावेत, पण वस्तू बदलून. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी साधारण ३.१७ सेंटिमीटर व्यासाच्या नळकांड्यात करतात. वस्तू त्यात पूर्ण मावली तर ती अडकण्याजोगी धरतात. दहा रुपयांचं नाणं २.७ सेंटिमीटरचं, म्हणजे त्याहून थोडी मोठी वस्तूही धोक्याची. तोंडात घालणाऱ्या मुलाला मणी, चिंचोके, वाटाणे, सीताफळाच्या बिया नकोत. फाडकाम, बिनमिठाची कणीक, मोठी झाकणं पुरेशी आहेत.

नाकात किंवा कानात काही गेलं तर पिनेने, चिमट्याने कोरू नका, पाणी घालू नका. चणा-वाटाणा ओलाव्याने फुगतो. सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.

घशात अडकलं आणि मूल मोठ्याने खोकतंय तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर वाट बघू नका. वर्षापुढच्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर दोन खवाट्यांच्या मधे जोरात पाच थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पोटावर आत-वर पाच दाब, आळीपाळीने. वर्षाखालच्या बाळाला पोटावर दाब द्यायचा नसतो, पाठीवर थापा आणि मग छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. दुसऱ्या कोणालातरी १०८ लावायला सांगा. न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालू नका, ती आणखी खाली जाते.

काही गोष्टी सहा वर्षांच्या मुलाच्याही आसपास नकोत. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या, बारीक चुंबकं, आणि पाण्यात फुगणारे जेलीचे रंगीत गोळे. यांतलं काही गिळलं असल्याची शंका आली तरी लगेच दवाखाना. गुंजा दिसायला सुंदर, लाल-काळ्या, सजावटीला हमखास सुचवल्या जातात, पण त्या अत्यंत विषारी असतात. एरंडाच्या आणि पिवळ्या कण्हेरीच्या बियाही (बिट्ट्या) तशाच. आम्ही लहानपणी बिट्ट्या खेळलो म्हणून त्या निर्धोक ठरत नाहीत.

१०. रंगांचं काय? बाजारातले रंग घातक असतात का?

खेळण्यांच्या दुकानातले, मुलांसाठीचे, पाण्याने धुतले जाणारे घ्या. होळीचा उरलेला रंग वापरू नका.

ठसेकामाला पातळ रंग वाटीत देऊ नका, ठसा उमटायच्या आधी ओघळतो. ताटलीत ओल्या फडक्याची घडी घाला आणि तिच्यावर रंग पसरा, छान शाईची गादी तयार होते. भेंडीचं पाचकोनी फूल, कांद्याची वर्तुळं, अर्धं लिंबू, बाटलीचं झाकण. भेंडी जून बघून घ्या, कोवळी चिरडते.

हळदीच्या पाण्याने कागद रंगवून वाळवा आणि मग त्यावर साबणाच्या पाण्याने बोट फिरवायला सांगा. पिवळ्यावर लालसर रेघ उमटते. हळदीत चुना मिसळून कुंकू होतं ते याच कारणाने. पाच वर्षांची मुलं घरातल्या प्रत्येक पिवळ्या वस्तूवर साबण लावून बघतात, एवढी सूचना देऊन ठेवते.

११. आमचं वन रूम किचन आहे. एवढा पसारा कुठे करू?

परातीत. काठ असलेली मोठी परात घ्या, मूल पाटावर, काम परातीत. रंगकाम मोरीत, अंघोळीच्या आधी. पंधरा मिनिटं पुरे, रोज नाही तर आठवड्यातून तीनदा.

आणि आवरणं मुलाकडून करून घ्या. ओलं फडकं पिळणं हा मनगटाचा अस्सल व्यायाम आहे. चिठोरे एकेक वेचणं म्हणजे चिमटीचा.

१२. आमचा मुलगा दोन मिनिटांत उठून पळतो. मुलग्यांना यात रस नसतोच का?

अडीच वर्षांच्या मुलाने दोन-चार मिनिटं बसणं पुष्कळ झालं. सामान तिथेच ठेवा, तो परत येतो. 'मुलीच हे करतात' या समजुतीला वर्गात मला तरी आधार सापडलेला नाही. शिंपी, कुंभार, सुतार, सोनार ही काय बायकांची कामं होती? मुलाला फुलं चिकटवायला देऊन 'बसत नाही' म्हणण्यापेक्षा त्याला पुठ्ठ्याचा ट्रॅक्टर करायला द्या आणि मग घड्याळ बघा.

१३. हाताला काही लागलं की मुलगी किंचाळते. जबरदस्ती करू का?

नको. ब्रश, चमचा, काडी द्या. रंग जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून वरून दाबायला द्या. आधी कोरडं (रवा, तांदूळ), मग दमट, मग चिकट असा क्रम ठेवा आणि हात पुसायचं फडकं तिच्याच मांडीवर असू द्या. बऱ्याच मुलांचं हे काही महिन्यांत निवळतं. जेवणाचे ठरावीकच पदार्थ, कपड्यांच्या लेबलचा त्रास, आवाजाने कानावर हात असंही जोडीला असेल तर प्रश्न २१ वाचा.

१४. मुलगा डाव्या हाताने काम करतो. सासूबाई उजव्या हातात खडू देतात. कोण बरोबर?

मुलगा. हाताचा कल हळूहळू ठरतो, चारपर्यंत आणि काहींचा सहापर्यंत. खडू समोर मधोमध ठेवा, त्याला उचलू द्या. हात बदलायला लावल्याने फायदा काही नाही, त्रास मात्र होतो. सासूबाईंना बहुधा प्रसादाची आणि जेवणाची चिंता असते. तो विषय वेगळा ठेवून खडू-कात्रीपुरतं बोललं तर मार्ग निघतो.

कात्री मात्र डावखुऱ्यांसाठीची घ्या. साधी कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं रेषा झाकतं आणि बोटांचा जोर पाती जवळ आणण्याऐवजी फाकवतो. कागद कापला न जाता मुडपतो, आणि आपण म्हणतो पोरगं वेंधळं आहे.

उलट, दीड वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरत असेल आणि दुसरा मुठीत ठेवत असेल तर तो डावखुरेपणा समजून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

१५. शाळेने ज्युनियर केजीला 'प्रोजेक्ट' दिलाय. रात्री अकराला मीच विमानतळ बनवतेय.

माझ्या स्वतःच्या मुलीच्या वेळी एका शाळेने चार वर्षांच्या मुलांना सूर्यमाला आणायला सांगितली होती. मी शनीची कडी रात्री साडेबाराला चिकटवली. सकाळी ती माझं शनिमंडळ छातीशी धरून गेली आणि परत आल्यावर म्हणाली, 'आई, तुला स्टार मिळाला.'

तेव्हापासून मी असं करते: मोठ्यांनी खोकं कापायचं, बाकी रंगवणं-चिकटवणं मुलाचं, वाकडं तर वाकडं. सोबत चिठ्ठी: 'हे तिने केलं आहे.' बऱ्याच बाईंना ते आवडतं. ज्यांना आवडत नाही त्यांना पालकसभेत चार-पाच जणांनी मिळून विचारा, एकट्याने नको.

१६. शेजारचा साडेतीनचा मुलगा 'क ख ग' लिहितो. आमची अजून कणीकच मळतेय.

मळू द्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरला आहे आणि खेळ व कृतींवर भर आहे. त्यावर आधारित अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला, त्याचाही सूर तोच.

व्यवहारात बघा. त्रिकोण पाचच्या आसपास जमतो (प्रश्न २), म्हणजे तिरकी रेघ ठरवून काढणं तोवर कठीण. आणि आपली अक्षरं तर गाठी-वळणांची. 'ळ' काढताना हात दोनदा उलट फिरतो. आधी कणकेचा साप वळवून पोळपाटावर 'ळ' करा, बोटाने त्यावरून फिरा. रांगोळी हे तर अक्षरांचं जुनं तयारी-केंद्रच: अंगठा-तर्जनीची चिमूट, एकसारखी धार, ठिपक्याला ठिपका जोडणं. मुलांना रांगोळीऐवजी तांदळाची पिठी द्या, डोळ्यात गेली तर रांगोळीइतकी टोचत नाही.

१७. कागदाची होडी कधी जमेल?

बहुतेकांना सहाच्या पुढेमागे. चारला रुमालाच्या दोन घड्या आणि पंखा, पाचला टोपी. शिकवताना उलटं शिकवा. होडी जवळजवळ पूर्ण करून द्या आणि शेवटचं 'दोन टोकं ओढून उघडणं' मुलाला करू द्या. ते जमलं की शेवटच्या दोन पायऱ्या, मग तीन. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल तिसऱ्या घडीलाच कंटाळतं आणि होडी कधी दिसतच नाही. घडी नखाने दाबायला विसरू नका. नांगरहोडी, शिडाची होडी नंतर आपसूक मागितली जाते.

१८. यूट्यूबवरचे क्राफ्ट व्हिडिओ लावून दिले तर?

आधी तुम्ही बघून घ्या, मग मोबाइल बंद करून मुलाला काम द्या. तिथे कात्री कधी अडकत नाही आणि गोंद क्षणात वाळतो. तुलना केली की मूलच नाउमेद होतं.

१९. सणांच्या निमित्ताने काय करता येईल?

दिवाळीचा किल्ला. याला तोड नाही. दीड वर्षाचा माती कालवतो, तीनचा दगड आणून देतो, पाचचा पायऱ्या कोरतो, दहाचा ताई-दादा बुरूज कुठे ते ठरवतो. अळीव किंवा मोहरी चार दिवस आधी पेरा, रोज पाणी शिंपडायचं काम सगळ्यात धाकट्याला. मोहरी तिसऱ्या दिवशी फुटली नाही तर तो बोटाने उकरून बघतो. बघू द्या, थोडी जास्तच पेरून ठेवा.

पोळ्या-बेंदराला मातीचे बैल: चार पाय, वशिंड, शिंगं. पाय बारीक केले की बैल बसतो, हे प्रत्येक मूल स्वतः शोधतं. पाडव्याला आंब्याच्या पानांचं तोरण, पानं दुमडून काडीने टाचायची.

२०. आम्ही परदेशात राहतो. मुलाला गव्हाची ॲलर्जी आहे, पीठ कसं करू?

तांदळाच्या पिठाची उकड काढा, मोदकाची काढतो तशी, फक्त मीठ भरपूर. मळली की गोळा चांगला वळतो, थंड झाल्यावर थोडी भेगाळते, तेलाचा हात लावा. बाजारातल्या खेळण्याच्या तयार पिठातही बहुधा गहू असतो, डब्यावरची यादी वाचा आणि मुलाच्या पाळणाघरातही सांगून ठेवा. सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा आजार) असेल तर वर्गात इतरांचं पीठ हाताळल्यावर हात धुऊन मगच डबा खायचा. मैद्याच्या खळीऐवजी त्याच मापाने कॉर्नफ्लोअरची खळ.

मराठी टिकवायला हा वेळ सोन्यासारखा आहे. 'चिमटीत धर', 'घडी घाल', 'चुरगळ', 'ओव', 'थाप'. क्रियापदं हातासोबत शिकली की विसरत नाहीत.

२१. काळजी केव्हा करायची?

वय तीन होऊन गेलं तरी चिमटीने वस्तू उचलता येत नाही, दोन्ही हात एकत्र वापरले जात नाहीत, खडू धरून रेघही ओढली जात नाही. आधी येत असलेलं काम येईनासं झालं. हात थरथरतो, फार कडक किंवा फार सैल वाटतो. वस्तू डोळ्यांजवळ धरून बघतो. यांतलं काहीही दिसलं तर 'पुढे होईल' म्हणून थांबू नका. शेवटच्या लक्षणासाठी आधी डोळे तपासा. वर्गात 'हळू' वाटलेल्या काही मुलांना शेवटी फक्त चष्म्याची गरज निघाली.

सरकारी सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतं आणि गरज असेल तर पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. तिथे जायला मूल खासगी बालवाडीत आहे की अंगणवाडीत हा प्रश्न येत नाही. अंगणवाडीताईंना पथकाची तारीख विचारा.

२२. केलेल्या वस्तूंचा ढीग झालाय. टाकवत नाही, ठेवायला जागा नाही.

एका खोक्याला 'संग्रहालय' म्हणा. भरलं की नवं ठेवण्याआधी जुनं कोणतं काढायचं ते मूल ठरवेल. चित्रांवर मागे तारीख आणि मूल काय म्हणालं ते एक ओळ लिहा. 'हा बाबा आहे, तो ऑफिसात पाऊस पाडतोय' हे तुम्हाला वर्षभराने आठवणार नाही.

कणकेच्या वस्तू ठेवायच्याच असतील तर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ करा आणि कडक उन्हात तीन-चार दिवस, उलटसुलट करत, खणखणीत वाळवा. जाड असतील तर आतून ओल्या राहतात. तरीही पहिल्या पावसात त्यांना बुरशी आणि मुंग्या लागतात. आमच्या वर्गातली कणकेची कासवं दर जुलैत जातात. मुलं ती झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवतात आणि मुंग्या काय काय उचलून नेतात ते बघत उकिडवी बसतात.